झाड तोडणाऱ्याआधी सुताराला बोलवा

बांधकामाच्या अंदाजपत्रकात झाडं कुठे सापडतात, ते एकदा बघा. 'जागा साफ करणे' अशी एक ठोक रक्कम असते, तिच्या पोटात. जुनं कुंपण, दगडधोंडे, झुडपं, राडारोडा आणि त्याच रांगेत पन्नास-साठ वर्षं उभं असलेलं झाड. एकदा राडारोड्याच्या रांगेत बसवलं की वागणूकही तशीच मिळते. माझ्या मते झाडांचा विषय आराखड्याच्या टेबलावर निघायला हवा. काढावंच लागणार असेल तर त्याच्या खोडाचं, फांद्यांचं, बुडख्याचं काय करायचं हे करवत लागण्याआधी ठरलेलं असावं. झाड पडल्यावर ठरवण्यासारखं फारसं उरत नाही.

आधी वाचवण्याबद्दल. पार्किंग दोन मीटर सरकवलं, गेट बाजूला घेतलं, पाण्याची टाकी दुसऱ्या कोपऱ्यात नेली की एखादं झाड सहज सुटतं, पण कागदावर झाडाची जागाच मोजलेली नसते. आणि वाचवणं म्हणजे खोडाभोवती चार पत्रे उभे करणं नव्हे. बहुतेक मुळं वरच्या साठेक सेंटीमीटर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. छातीच्या उंचीला खोडाचा जो व्यास भरेल, त्याच्या बारा पट त्रिज्येचं वर्तुळ मोकळं ठेवावं, असा एक चांगला ठोकताळा आहे. चाळीस सेंटीमीटरच्या खोडाला जवळजवळ पाच मीटर. त्या वर्तुळात ट्रक नको, वाळूचा ढीग नको, सिमेंटची घमेली धुणं तर अजिबात नको. माती दबली की मुळांना हवा मिळत नाही. झाड लगेच मरत नाही, दोन-तीन वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागतं. तोवर लोक राहायला आलेले असतात आणि "कीड लागली असेल" म्हणून विषय संपतो.

पुनर्रोपणाबद्दल माझं मत कडवट आहे. लहान झाडं हलवता येतात, जरूर हलवा. मोठ्या झाडाची मुळं काही महिने आधीपासून टप्प्याटप्प्याने छाटून नवी तंतुमुळं फुटू द्यावी लागतात, आणि हलवल्यावर पुढची काही वर्षं पाणी घालावं लागतं. हे न करता क्रेनने उचलून दुसऱ्या खड्ड्यात उभं करणं म्हणजे फोटोपुरती सोय. एका झाडाच्या बदल्यात अमुक रोपं लावण्याचं वचनही तसंच फोटोपुरतं. रोपं लावणाऱ्याला विचारा, तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार आहे?

आता तोडावंच लागणाऱ्या झाडाकडे येऊ. परवानगी हातात असली तरी घरटी आणि ढोल्या बघून घ्या. पिल्लं असतील तर काम पुढे ढकला. मग करवतवाला येण्याआधी सुताराला किंवा लाकूड कापणाऱ्या गिरणीवाल्याला जागेवर बोलवा. नासाडीचं सर्वांत मोठं कारण अगदी साधं असतं: तोडणारा माणूस खोडाचे अडीच-तीन फुटांचे तुकडे करतो, कारण तेवढे टेम्पोत चढवायला सोपे जातात. बुंध्याकडच्या ज्या सरळ भागातून आठ फुटी फळ्या निघाल्या असत्या, त्याचं दहा मिनिटांत सरपण होतं. "लाकूड आम्ही नेतो, तोडणी फुकट" हा सौदा म्हणूनच मला महाग वाटतो.

जाणकार माणूस ओंडक्याच्या कापलेल्या तोंडाकडे आधी बघतो. फिकट लाकडात निळसर-काळा डाग दिसला तर आत कुठेतरी खिळा किंवा तार असण्याची शक्यता धरायची. लाकडातल्या टॅनिनची, म्हणजे तुरट द्रव्याची, लोखंडाशी गाठ पडली की तो रंग उतरतो. वस्तीतल्या झाडांच्या अंगात पाट्यांचे खिळे, कपड्यांच्या दोरीचे हूक, कुंपणाच्या तारा गिळलेल्या असतात, आणि करवतीच्या पात्याचे दात तिथेच जातात. मेटल डिटेक्टर फिरवून घेतला की निम्मी भांडणं वाचतात. ओंडका फारच मोठा असेल तर चाकांवरची फिरती करवत जागेवर आणून चिरता येतो. वाहतूक वाचते आणि भुसाही तिथेच राहतो.

त्यानंतर धीर धरावा लागतो. लाकडाची ओल टोकांकडून फार लवकर निघते, म्हणून टोकांना भेगा पडतात. तोडल्याबरोबर टोकांना मेण किंवा जाड रंग फासावा आणि लांबी थोडी जास्तच ठेवावी. फळ्या एकीवर एक रचताना मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, वर छप्पर, बाजू उघड्या. उघड्यावर वाळायला इंचाला साधारण वर्ष लागतं. म्हणजे पाया खणताना चिरलेली इंची फळी आतल्या कामाची वेळ येईपर्यंत बऱ्यापैकी तयार असते, त्यातून कपाटांचे कप्पे, बाक, झडपा होतात. जाड चौकटींसाठीचं लाकूड भट्टीत सीझनिंग करून, म्हणजे बेताच्या उष्णतेने वाळवून, घ्यावं. कोरड्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. ते जिन्याच्या कठड्यात राहिलं तर कार्बनही तिथेच राहतो, पेटवलं तर तासाभरात हवेत जातो. ताजं, ओलं लाकूड तर नीट जळतही नाही, नुसतं धुमसतं.

फांद्यांना चिपर, म्हणजे चुरा करणारं यंत्र, लावा. तो चुरा झाडांच्या बुडाशी पाच ते दहा सेंटीमीटर पसरायचा, पण खोडाला चिकटू द्यायचा नाही. मातीत मिसळायचा तर अजिबात नाही, कारण लाकूड कुजवणारे जीव मातीतला नत्र ओढून घेतात. वाचवलेल्या झाडाच्या मुळांवरून गाडी न्यावीच लागली तर याच चुऱ्याचा जाड थर टाकला की माती कमी दबते. रोगट झाडाचा चुरा मात्र वेगळा ठेवा. वरची सुपीक मातीही आधी काढून बाजूला रचावी. ती भरावाखाली गेली की नंतर बागेसाठी विकत आणावी लागते.

बुडखा इमारतीखाली येत असेल तर मुळासकट काढा. तो कुजला की पोकळी होते, वरची जमीन खचते, वाळवीला घर मिळतं ते वेगळंच. ओंडके भरावात गाडून मोकळं होणाऱ्यांनाही हेच लागू आहे. बागेच्या हद्दीत असेल तर राहू द्या, बुरशी, भुंगेरे आणि पाली त्याचा वापर करतील.

यातलं काही तोंडी सांगून होत नाही. कामाच्या करारात लिहा: लाकूड कोणाचं, ओंडक्यांची कमीत कमी लांबी किती, ते कुठे रचायचे, आणि साइटवर काहीही जाळायचं नाही. आणि तोडणीच्या दिवशी कोणीतरी टेप घेऊन तिथे उभं राहा.