तापाची रजा मिळते, टाचेची नाही

आज दुपारी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला. पाठदुखी, मानदुखी, गुडघेदुखी या कारणांसाठी यापुढे सिक लीव्ह मंजूर होणार नाही, एमआरआयचा रिपोर्ट जोडावा. खाली लगेच चार-पाच जणांचे अंगठे. नाव कुणाचंच नव्हतं, पण रोख पॅकिंगच्या मावशींवर आहे हे सगळ्यांना कळलं. मागच्या आठवड्यात कंबर धरली म्हणून त्या दोन दिवस आल्या नव्हत्या. आल्या तेव्हा एक्स-रे सोबत आणला, तर तो नॉर्मल. झालं. मावशी खोटं बोलतात असं ठरवून सगळे मोकळे झाले.

तेव्हापासून माझं डोकं तापलंय. ट्रेनमध्ये लिहायला घेतलं होतं, पण गर्दीत जमेना. आता जेवणं उरकून लिहितेय.

एक्स-रेमध्ये हाड दिसतं. आखडलेला स्नायू दिसत नाही, लचक दिसत नाही. कंबरदुखीच्या बहुतेक रुग्णांमध्ये बोट ठेवून दाखवता येईल असं एक कारण तपासणीत सापडतच नाही, हे कुठलाही हाडांचा डॉक्टर सांगेल. उलट एमआरआयमध्ये चकती सरकलेली दिसते आणि माणूस मात्र मजेत हिंडत असतो, असंही होतं. मग रिपोर्ट मागून नक्की काय सिद्ध करणार आहात? आणि एमआरआयला हजारो रुपये लागतात, ते कुणी भरायचे? मावशींनी? दोन दिवसांच्या रजेसाठी?

मला यात माझी ताई दिसते. दुसरं काही दिसतच नाही.

ताई दादरला साड्यांच्या दुकानात होती. नाव सांगत नाही, तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी तिथून साड्या घेतल्या असतील. सकाळी साडेदहाला उभी राहिली की रात्री दुकान बंद होईपर्यंत उभीच. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, कारण बसलेली सेल्सगर्ल आळशी दिसते म्हणे. काउंटरपुढे स्टुलं होती, पण ती गिऱ्हाइकांची. वरच्या फळीवरून गठ्ठा काढायचा, दहा-पंधरा साड्या उलगडायच्या, बाई "पुन्हा येते" म्हणून निघून गेली की सगळ्या घड्या घालून गठ्ठा परत वर. लग्नसराईत तर पाणी प्यायला फुरसत नसायची.

तिच्या टाचा गेल्या. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना ती भिंत धरायची, डोळ्यांत पाणी यायचं. मग थोडं चालल्यावर कमी व्हायचं आणि संध्याकाळी पुन्हा सुरू. दादरचा पूल ती कठडा धरून एकेक पायरी चढायची. मागचे लोक "चला ना लवकर" करायचे. आईला सांगायची, "काही नाही गं, चप्पल चावते."

एकदा तिने खरं कारण सांगून दोन दिवस घेतले. शेठच्या मुलाने एक्स-रे मागितला, उजेडात धरून बघितला आणि म्हणाला, "यात तर काहीच नाहीये ताई. पाय आम्हालापण आहेत." दोन दिवसांचा पगार कापला. पायाला क्रेप बँडेज होतं, तेही काढायला लावलं. गिऱ्हाइकांसमोर बरं दिसत नाही म्हणून.

त्यानंतर ताई काय करायला लागली माहितेय? ताप आला म्हणून सांगायला लागली. पाय टेकवत नसला की आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडून व्हायरल फिव्हरची चिठ्ठी आणायची. ती चिठ्ठी दुकानात बिनबोभाट चालायची. "काळजी घ्या हं ताई," असंसुद्धा म्हणायचे. जिने आयुष्यात कुणाचे पाच रुपये बुडवले नाहीत, तिला खऱ्या दुखण्यासाठी खोटं दुखणं शोधावं लागलं. मला हे आठवलं की अजून घशाशी येतं. पाय दुखण्यापेक्षा तिला त्या चिठ्ठीची लाज जास्त वाटायची.

हो, मान्य आहे, शिमग्याला गावी जायचं म्हणून पाठ दुखवून घेणारेही असतात. असतात, पण त्यांच्यासाठी मावशींना का धरता? आणि खोटं सांगणारा तापाचंही सांगतोच की. तापाच्या रजेवर तुम्ही बंदी घातलीत का?

मी अकाउंट्समध्ये आहे, पगारपत्रकं माझ्या हातून जातात, त्यामुळे पुढचं जरा हक्काने लिहिते. ज्यांचा पगार महिना २१,००० पर्यंत आहे त्यांच्या पगारातून ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. त्यातून आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. ऐकायला छान वाटतं. पण त्यात पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. (आधीचं आजारपण संपून १५ दिवस झाले नसतील तर मिळतात, ते वेगळं.) आणि कंबर कशी धरते? बऱ्याचदा दोन दिवसच धरते! दोन दिवस शेकलं, जरा आराम मिळाला की माणूस पुन्हा उभा राहतो. म्हणजे ज्या दोन दिवसांनी पुढचे दोन महिने वाचतात, तेच दोन दिवस कुणाच्या खात्यात नाहीत. दुकानं आणि आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे, त्यात वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा आहे. आजारपण, पोराची शाळा, कुणाचं मयत, सगळं त्या आठांत बसवायचं. मग बाई दुखणं अंगावर काढते. काढते आणि एक दिवस झोपूनच राहते.

आणखी एक ऐकवतात. "डॉक्टरच सांगतात की कंबरदुखीत पडून राहू नका, हालचाल ठेवा." बरोबर आहे, सांगतात. हालचाल म्हणजे घरात फिरा, हलका व्यायाम करा. भरलेला खोका वाकून उचला आणि त्याच झोक्यात वळून पॅलेटवर टाका, असं कुठला डॉक्टर सांगतो? मावशी दिवसभर तेच करतात. ते टेबल त्यांच्या उंचीचं नाही, आधी तिथे एक उंच मुलगा होता त्याच्या बेताने ठेवलेलं आहे. टेप गन मारून मारून त्यांच्या अंगठ्याचं मूळ सुजलेलं असतं, मी स्वतः बघितलंय. हे दुखणं त्यांनी घरून आणलेलं नाही, आमच्या टेबलावर झालंय. त्याच टेबलाचे मालक त्यांना विचारतात, पुरावा काय?

जगात सगळ्यात जास्त माणसांना अपंगत्व कशाने येतं, तर कंबरदुखीने. हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२० साली जगात जवळजवळ ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती, असा त्यांचा आकडा आहे. म्हणजे ही काही आमच्या मावशींनी शोधून काढलेली सबब नाही.

मला जास्त राग कुणाचा आला सांगू? अंगठे देणाऱ्यांचा. साहेब लोक एसीत बसतात, त्यांचं सोडा. पण अंगठा देणाऱ्यांतल्या दोघींना मी रोज दुपारी मान चोळताना बघते. एकीच्या ड्रॉवरमध्ये बामाची बाटली असते. बायांनो, उद्या तुमची मान धरेल तेव्हा काय एमआरआय काढून येणार आहात?

याच शहरात अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केलं आणि १९६९ साली हमाली करणाऱ्यांसाठी कायदा झाला. पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसालाही हक्क असतो, हे देशाला मुंबईने दाखवलं. आणि इथेच आपण एका बाईला कंबर दुखते म्हणून गुन्हेगारासारखं उभं करतो. तिकडे केरळात कोझिकोडच्या मिठाई तेरूवमधल्या दुकानांत काम करणाऱ्या बायका बसायच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरल्या. २०१८ मध्ये सरकारला कायदा बदलावा लागला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही केला. बसायला खुर्ची, एवढंच मागणं होतं त्यांचं. ती बातमी मी ताईला वाचून दाखवली होती. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आम्हाला सुचलंच नाही गं मागायचं."

ताईने पुढे दुकान सोडलं. आता भांडुपला घरीच ब्लाउज शिवते. पायाला उशी लावलेली चप्पल घालते, घरातसुद्धा. बरी आहे. पण लग्नात हॉलमध्ये शिरली की आधी खुर्ची शोधते, अजूनही.

बरं, आता कामाचं. ग्रुपवर मी उत्तर टाकलंय. लिहिलंय की एमआरआयची अट लावायची असेल तर खर्च कंपनीने द्यावा. पॅकिंगला दोन उंच स्टुलं हवीत आणि ते टेबल मावशींच्या उंचीला खाली घ्यावं. अजून कुणी काही बोललेलं नाही, नुसत्या निळ्या टिका दिसतायत. तुमच्यापैकी जे एचआरमध्ये आहेत, आणि बरेच आहात, त्यांनी मला एवढंच सांगा: दोन-तीन दिवसांच्या रजेला साध्या डॉक्टरची चिठ्ठी पुरेशी आहे, असा नियम तुमच्याकडे लेखी आहे का? असेल तर इनबॉक्समध्ये पाठवा. सोमवारी मीटिंग लावलीय, मला तो कागद समोर ठेवायचाय.