बेन-हरच्या शोला एक स्टार दिलेल्या साहेबांना आमचं उत्तर

नमस्कार साहेब. तुमचा रिव्ह्यू वाचला. आधी माफी मागतो. शो साडेपाचचा लिहिला होता आणि सुरू व्हायला पावणेसहा वाजले ही चूक आमचीच आहे, आणि मागच्या दोन रांगांपर्यंत एसी पोचत नाही हेही खरं आहे. वसईचा मार्चमधला उकाडा आणि त्यात साडेतीन तासांच्या वरचा पिक्चर, तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी.

पण पुढे तुम्ही जे लिहिलंय की "खटारा सिस्टीम, सुरुवातीला सहा मिनिटं फोटो हँग, सिंहाचा आवाज गायब, ऐन रेसमध्ये म्युझिक बंद, अर्धा पडदा काळा, दोनशे रुपये पाण्यात", ते वाचून मला रात्री झोप लागली नाही. पिक्चर आवडला नाही म्हणालात तर मी एक शब्द बोललो नसतो. पण सिस्टीम खटारा म्हणालात म्हणून हे लिहितोय.

साहेब, तो फोटो हँग झाला नव्हता. १९५९ चा पिक्चर आहे हा, त्या काळी अशा मोठ्या पिक्चरच्या आधी ओव्हर्चर असायचं, लोक येऊन जागेवर बसेपर्यंत नुसतं संगीत. बेन-हरचं ओव्हर्चर सहा मिनिटांच्या वर आहे आणि तेवढा वेळ पडद्यावर मायकेलअँजेलोचं ते सिस्टीन चॅपेलच्या छतावरचं चित्र असतं, देव आणि आदम, एकमेकांच्या बोटाला बोट लागतंय न लागतंय असं. ते हलत नाही, हलायचंच नसतं. मिक्लोश रोझाचं संगीत आहे ते, त्याला त्या वर्षीचं ऑस्कर मिळालंय. तुम्ही तिसऱ्या मिनिटाला "अरे ढकला की पुढे" म्हणून ओरडलात, माझा पुतण्या मशीनवर होता, तो घाबरला आणि त्याने केबल काढून परत लावली, तेव्हा जो मिनिटभर पडदा काळा पडला तो मात्र आमच्याकडून झालेला घोटाळा. त्याला मी बोललोय. पण त्याच्या आधी काही बिघडलं नव्हतं.

सिंहाचं सांगायचं तर पिक्चर काढणाऱ्या एमजीएम कंपनीचा सिंह या पिक्चरमध्ये डरकाळी फोडतच नाही. लगेच पुढे बेथलेहेमचा गोठा आणि येशूचा जन्म आहे म्हणून त्याला मुद्दाम गप्प ठेवलाय.

आणि रेस. साहेब, हे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण त्या रेससाठीच तर मी मागचे दोन स्पीकर पतपेढीचं कर्ज काढून घेतलेत, अजून चौदा हप्ते बाकी आहेत. रथ मैदानात फेरी मारतात तेव्हा रोझाचं संगीत जोरात वाजतं आणि एकदा रेस सुटली की शेवटपर्यंत संगीत नाही, एक सूर नाही. दिग्दर्शक विल्यम वायलरच्या पिक्चरमध्ये ते तसंच आहे. त्या नऊएक मिनिटांत फक्त टापा, चाबूक, लोकांचा आरडाओरडा, आणि मेसालाच्या, म्हणजे हिरो ज्यूडा बेन-हरच्या जुन्या दोस्ताच्या आणि आताच्या वैऱ्याच्या, चाकाला बसवलेलं ते दातेरी पातं दुसऱ्याच्या चाकाच्या आऱ्या कुरतडतं तो आवाज. नऊ रथ, प्रत्येकाला चार घोडे, छत्तीस घोड्यांच्या टापा. शोच्या आदल्या रात्री मी तेवढीच रेस चार वेळा लावली, वेगवेगळ्या खुर्चीवर बसून ऐकली, डावीकडचा स्पीकर हातभर मागे सरकवला. आमची हिने खाली येऊन विचारलं की आज जेवायचं आहे की नाही. म्युझिक बंद पडलं असतं तर सगळ्यात आधी मला कळलं असतं.

काळ्या पट्ट्यांचं पण सांगतो. हा पिक्चर ६५ एमएमच्या कॅमेऱ्यावर काढलाय, उंचीच्या पावणेतीन पटीहून थोडा जास्तच रुंद. आमचा पडदा चौदा फूट रुंद आणि जवळजवळ आठ फूट उंच, म्हणजे पिक्चर पूर्ण रुंदीत बसवला की उंची पाचच फूट राहते आणि वर खाली दीड-दीड फूट काळं दिसतं. पडदा भरायचा तर दोन्ही बाजू कापाव्या लागतात, मग ज्यूडाचे चार पांढरे घोडे आहेत त्यातले दोन बाहेर जातात. मी नाही कापलं आणि पुढेही कापणार नाही.

आता पिक्चरबद्दल. "रेस झाल्यावर नुसतं रडगाणं" असं तुम्ही लिहिलंय, ते तुमचं मत आहे आणि त्यात तुम्ही एकटे नाही. बाहेर चहा घेताना कॉलेजची पोरं पण हेच म्हणत होती, की रेस भारी, बाकी स्लो. एक रिटायर्ड शिक्षक म्हणाले की ज्यूडा आणि मेसालाची दोस्ती तुटते तिथेच खरा पिक्चर आहे, धर्माचं नंतर जोडल्यासारखं वाटतं. एक ताई म्हणाल्या गोऱ्या नटाला काळा रंग फासून अरब शेख केलाय ते आज बघवत नाही, आणि त्या ह्यू ग्रिफिथला त्याच रोलसाठी ऑस्कर मिळालंय, तरी ताईंचं मला पटलं. अकरा ऑस्कर मिळाले म्हणून सगळ्यांना आवडलाच पाहिजे असं थोडंच आहे. पण माझे वडील इथेच व्हिडिओ लायब्ररी चालवायचे, ते म्हणायचे रेसनंतर उठू नका, पिक्चर तिथून पुढे आहे. लू वॉलेसची १८८० ची मूळ कादंबरीसुद्धा ख्रिस्ताची गोष्ट म्हणूनच लिहिलीय. मेसाला मरतो पण ज्यूडाचा राग काही मरत नाही, आई आणि बहीण महारोग्यांच्या दरीत आहेत, म्हणजे रेस जिंकून त्याला मिळालं काय?

"येशूचा चेहरा दाखवतच नाहीत, कापलेली प्रिंट लावली" हे पण तुम्ही लिहिलंय. चेहरा पिक्चरमध्येच नाहीये. नाझरेथला साखळदंडातला ज्यूडा पाण्यासाठी तडफडतो, एक हात येतो, पाणी पाजतो, रोमन अधिकारी ओरडत येतो, त्या माणसाकडे बघतो आणि त्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही, नजर चुकवून मागे फिरतो. आपल्याला फक्त त्या अधिकाऱ्याचं तोंड दिसतं. दुसऱ्या रांगेत लाल लुगड्यातल्या दोन आजी होत्या, इंग्लिशचं एक अक्षर कळत नव्हतं त्यांना, त्या सीनला दोघींनी कपाळावर क्रुसाची खूण केली. शेवटी क्रूस घेऊन जाणाऱ्या त्याच माणसाला ज्यूडा पाणी द्यायला जातो तेव्हा त्यातली एक रडत होती. आणि साहेब, सांगायचं नव्हतं, पण दरीच्या सीनपासून तुम्ही फोनवर बोलत होतात, मोबाइलची लाइट त्या आजींच्या तोंडावर येत होती. मी येऊन हळूच विनंती केली तर तुम्ही म्हणालात पैसे भरलेत. त्यांनीही भरले होते, आदल्या दिवशी येऊन सुट्टे मोजून दिले होते.

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात दरवर्षी एक असा पिक्चर लावतो, लायसन्सची फी भरून, एक्केचाळीस खुर्च्यांत. त्यात काही उरत नाही, पण पॅरिशची, म्हणजे आमच्या चर्चची, माणसं येतात आणि वर्षभर मग मुलांचे वाढदिवसाचे शो मिळतात. तुमच्या रिव्ह्यूनंतर बावीस जणांचं एक बुकिंग कॅन्सल झालं, "सिस्टीम खराब आहे म्हणे" एवढंच सांगून. म्हणून एवढं लांबलचक लिहावं लागलं, राग मानू नका.

पुढच्या वेळी ओव्हर्चर आहे, सव्वादोन तासांनी इंटरव्हल आहे हे दारावर बोर्ड लावून सांगू, त्या आधी लहान मुलांना काही खायला देता येतं का तेही बघतो. एसीचं काम चालू आहे, लवकरच होईल. झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार, पाम संडे) आदल्या दिवशी हाच पिक्चर परत आहे, तुमच्याकडून पैसे घेणार नाही. येणार असाल तर एक दिवस आधी फोन करा, तिसऱ्या रांगेतली एसीखालची खुर्ची ठेवतो.