आधी सही, अर्थ नंतर

बाई कळांनी तळमळतेय आणि तिच्यासमोर इंग्रजी कागद धरलाय. तिला फक्त स्पॅनिश येतं. सही झाली, सिझेरियन झालं, आणि त्याच टेबलावर नसबंदीही. काहींना तर हे कित्येक महिन्यांनी कळलं. काहींना वाटत होतं, नळ्या नुसत्या 'बांधल्यात', पुढे सोडता येतील. बांधलेलं सुटतं असं समजण्यात त्यांचं काय चुकलं?

हे अमेरिकेत, लॉस एंजलिसच्या काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) रुग्णालयात १९७०च्या आसपास घडत होतं. तिथल्याच एका तरुण डॉक्टरांनी, बर्नार्ड रोझेनफेल्ड यांनी, नोंदी गोळा करून बाहेर पोचवल्या. १९७५ मध्ये मेक्सिकन वंशाच्या दहा बायका कोर्टात गेल्या. त्यांच्या वकील अँटोनिया हर्नांडेझ यांनी नुकतीच वकिली सुरू केली होती. (त्याच सुमारास आपल्याकडे आणीबाणीतली नसबंदी चालू होती, त्यामुळे हे वाचताना मला ते परकं वाटलंच नाही.)

१९७८ मध्ये त्या हरल्या. न्यायाधीश म्हणाले, डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, संवादात गफलत झाली. शिवाय बायकांना झालेला मानसिक त्रास त्यांच्या संस्कृतीमुळे जास्त आहे! या वाक्याचा मला अजून संताप येतो. मूल होण्याची शक्यताच कायमची काढून घेतली, आणि दोष तिच्या संस्कृतीचा?

या लढ्यामुळे स्पॅनिश संमतीपत्रं आली, हे मोठंच यश. काउंटीने माफी मागायला मात्र २०१८ उजाडलं. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाने सक्तीच्या नसबंदीसाठी भरपाई जाहीर केली, ती सरकारी मनोरुग्णालयांत आणि तुरुंगांत नसबंदी झालेल्यांना. काउंटी रुग्णालयातल्या या बायका त्यात बसल्याच नाहीत.

आता त्याच शहरात तीच भाषा वेगळ्या कारणासाठी मोजली जातेय. जुलै २०२५ मध्ये तिथल्या एका न्यायाधीशांनी इमिग्रेशन अधिकाऱ्यांना बजावलं होतं की वंश, स्पॅनिश बोलणं, कार वॉशसारखी जागा किंवा कामाचं स्वरूप, एवढ्याच आधारावर कुणाला अडवायचं नाही. ८ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई उठवली. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी कडक विरोधी मत लिहिलं. ज्या आदेशामुळे लाखो लोकांना रस्त्यावर धाकधूक वाटणार, त्यात बहुमताने कारणच दिलेलं नाही. बहुमतातल्या एकट्या न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी आपलं म्हणणं वेगळं लिहिलं, त्यातले बाकीचे गप्प.