भिंत कोणती, हेही करारात लिहा

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसीचं तापमान २० अंशांच्या खाली नेता येणार नाही, असा नियम आणण्याचं सूतोवाच केलं. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मग त्याच विषयाने जोर धरला. काहींचं म्हणणं, वीज वाचत असेल तर हरकत काय? बाकीच्यांचं म्हणणं, अमेरिकेत माणशी कार्बन उत्सर्जन भारताच्या सहा-सात पट आहे, आधी त्यांना सांगा.

मी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहते. दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण इथे निदान या शहराने तरी ते आपल्याच रहिवाशांना कायद्याने सांगितलंय, आणि ते माझ्या दारापर्यंत कसं आलं हे घरच्यांना कळावंसं वाटतं.

न्यूयॉर्कच्या एकूण उत्सर्जनात इमारतींचा वाटा सुमारे दोन तृतीयांश आहे. एप्रिल २०१९ मध्ये सिटी कौन्सिलने ‘लोकल लॉ ९७’ मंजूर केला. २५ हजार चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींना वर्षाला किती कार्बन सोडता येईल याची मर्यादा २०२४ पासून लागू झाली. मर्यादेच्या वर गेलेल्या प्रत्येक टनाला २६८ डॉलर दंड, आणि तो भरायचा इमारतीने. आमची इमारत को-ऑप आहे, म्हणजे आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची सख्खी बहीण: मालकी संस्थेची, रहिवासी भागधारक, निवडून दिलेली कमिटी, महिन्याचा मेंटेनन्स आणि सभेत तासन्‌तास वाद. प्रवेशदाराशी एक कागद लावावा लागतो. त्यावर इमारतीच्या ऊर्जावापराची श्रेणी ठळक अक्षरात असते. आमची ‘डी’ आहे. भाजी घेऊन येताना, मुलांना शाळेतून आणताना ते अक्षर रोज दिसतं.

‘डी’ का, ते जानेवारीत रस्त्यावरून दिसतं. इमारत १९३० च्या दशकातली. तळघरात एक बॉयलर, तिथून लोखंडी नळांतून वाफ सहा मजले चढते आणि खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फुसफुसते. बाहेर थंडी पडली की दिवसा घरात निदान ६८ फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सिअस, राहिलंच पाहिजे असा शहराचा नियम आहे. नळाच्या शेवटच्या टोकाच्या घराला तेवढी ऊब मिळेपर्यंत बॉयलर चालतो आणि तोवर अलीकडच्या घरांत घाम फुटतो. रेडिएटर कमी-जास्त करायला धड चावी नाही. त्यामुळे बाहेर बर्फ पडत असताना आमच्या इमारतीच्या कितीतरी खिडक्या सताड उघड्या असतात. जळलेला गॅस सरळ आकाशात जातो आणि बिल सगळ्यांच्या मेंटेनन्समध्ये येतं.

कायदा आल्यावर कमिटीने आधी स्वस्तातली कामं केली. तळघरातल्या नळांना आवरण घातलं, वाफेच्या बिघडलेल्या झडपा बदलल्या, रेडिएटरना खोलीच्या उष्णतेप्रमाणे आपोआप बंद होणारे व्हॉल्व्ह बसवायला घेतले, खिडक्यांच्या फटी बुजवल्या. पहिल्या टप्प्याची मर्यादा एवढ्यावर गाठता आली. २०३० पासून मात्र निवासी इमारतींची मर्यादा जवळजवळ निम्म्यावर येते. तेव्हा बॉयलर काढून हीट पंप (विजेवर चालणारे, एसीसारखेच पण ऊब आत आणणारे) बसवायचे का, त्यासाठी वायरिंग बदलायचं का, आणि पेन्शनवर जगणाऱ्या शेजाऱ्यांनी त्याचे पैसे कुठून आणायचे, हे वाद आत्ताच पेटलेत. क्वीन्समधल्याच ग्लेन ओक्स व्हिलेज या मोठ्या को-ऑप वसाहतीने आणि इतर काहींनी २०२२ मध्ये शहराला कोर्टात खेचलं. मे २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने राज्याच्या हवामान कायद्यामुळे शहराचा हा कायदा बाद ठरत नाही, असा निकाल दिला.

मी कायद्याच्या बाजूने आहे. तरी त्या शेजाऱ्यांची तक्रार मला खोटी वाटत नाही. नव्वद वर्षांपूर्वी बांधणाऱ्याने जी यंत्रणा भिंतींत गाडली, तिचे पैसे आज ते भरताहेत. इमारत एकदा उभी राहिली की ती सुधारणं अतोनात महाग पडतं.

आणि म्हणूनच कोथरूडमधल्या माझ्या ताईच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट निघालं तेव्हापासून मला चैन नाही. तिने बिल्डरांच्या ऑफर्सचा तुलनात्मक तक्ता पाठवला. वाढीव कार्पेट किती टक्के, कॉर्पस (बिल्डरने सभासदांना द्यायची एकरकमी रक्कम) किती, दरमहा भाडं किती, पार्किंग किती, बँक गॅरंटी आहे की नाही, किचनचा ओटा कसला, लिफ्ट कुठल्या कंपनीची. सगळं होतं. भिंती कशाच्या, ते कुठेही नव्हतं.

मी तिला विचारायला सांगितलं. उत्तर आलं, मायवान. म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात स्लॅब आणि भिंती एकत्र ओतायच्या, वीट नाही, ब्लॉक नाही, सगळं काँक्रीट. काम झपाट्याने होतं, आणि भाड्याच्या घरात दिवस काढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी ती मोठी गोष्ट आहे, हे मी विसरत नाही. पण सहा इंची काँक्रीटची उघडी भिंत एएसी ब्लॉकच्या (हलका, सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा; बांधकामावरचे लोक अजून त्याला सिपोरेक्सच म्हणतात) भिंतीपेक्षा निदान तीन-चार पट उष्णता आत घेते. पश्चिमेची अशी भिंत एप्रिलमध्ये दुपारभर तापते आणि रात्री माणसं झोपायला आली की ती ऊब खोलीत सोडते. छज्जा एफएसआयच्या (प्लॉटवर किती बांधता येईल त्या मोजमापाच्या) आणि एलिव्हेशनच्या हिशेबात आक्रसलेला, काच मोठी. मग प्रत्येक बेडरूमला एसी. त्या एसीला लागणारी वीज महाराष्ट्रात अजून मुख्यतः कोळशाची आहे.

दुसरा कार्बन बांधतानाच सुटलेला असतो. सिमेंटसाठी चुनखडी भाजली की दगडातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, भट्टीचं इंधन कितीही स्वच्छ असलं तरी. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. पस्तीस-चाळीस वर्षांच्या चार मजली इमारती पाडून जागोजागी बावीस मजले ओतले जाताहेत, त्याचा हा हिशेब एसीच्या रिमोटवर कधीच दिसणार नाही. कमी क्लिंकरच्या (चुनखडी भाजून होतो तो घटक) एलसी३ सिमेंटचं भारतीय मानक २०२३ मध्ये आलेलं आहे. ते कुठल्या सोसायटीच्या टेंडरमध्ये मागितलं गेल्याचं अजून माझ्या कानावर आलेलं नाही.

एसीच्या आकड्यावरच्या वादात माझा जीव म्हणूनच रमत नाही. तापलेल्या भिंतीच्या खोलीत झोपणाऱ्याला एसी २४ वर ठेव म्हणणं मला बरोबर वाटत नाही. ज्यांना एसी परवडतच नाही, त्यांच्या घराची भिंतही तशीच तापते. माणशी उत्सर्जनाचा मुद्दा अमेरिकेविरुद्ध वापरायला शंभर टक्के योग्य आहे. आपल्याच आईवडिलांच्या बेडरूमची भिंत कशी असावी, या प्रश्नाला तो उत्तर देत नाही.

नियम आपल्याकडे नाहीत असंही नाही. केंद्राची निवासी इमारतींसाठीची इको-निवास संहिता २०१८ मध्ये आली. भिंती-खिडक्यांतून आत शिरणाऱ्या उष्णतेला तिने चौरस मीटरमागे सरासरी १५ वॅटची मर्यादा घातली आहे. २०२२ च्या दुरुस्तीने १०० किलोवॅटहून मोठ्या वीजजोडणीच्या निवासी इमारतीही ऊर्जा संवर्धन कायद्याच्या कक्षेत आणता येतात. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये २०५० पर्यंत नेट झिरोचा आराखडा जाहीर केला. ग्रीन बिल्डिंगला जादा एफएसआय मिळण्याची सोय राज्याच्या युडीसीपीआरमध्ये, म्हणजे बांधकाम नियमावलीत, आहे. पण ग्रीन रेटिंगचा बहुतेक भर नकाशावर आणि बांधकामावर असतो. लोक राहायला आल्यावर मीटर किती फिरला, ते दरवर्षी विचारणारं कोणी नाही. न्यूयॉर्कने दंडाच्या कायद्याच्या दहा वर्षं आधी, २००९ च्या कायद्याने, मोठ्या इमारतींना दरवर्षी प्रत्यक्ष वापर कळवायला लावला होता. आपल्याकडे आणण्यासारखी हीच गोष्ट मला वाटते. दंड सध्या नको. पुण्या-मुंबईच्या मोठ्या सोसायट्यांची कॉमन मीटरची आणि घरांची एकत्रित वीज दरवर्षी जाहीर होऊ द्या. कुठल्या बिल्डरच्या इमारती तापतात, ते घर घेणाऱ्यांना कळेल.

तोवर सोसायट्यांनी सरकारची वाट बघायची गरज नाही. करारावर सह्या होईपर्यंत सभासदांच्या हातात जेवढी ताकद असते, तेवढी पुन्हा कधी येत नाही. बाहेरच्या भिंती ब्लॉकच्या, किंवा मायवानच असेल तर पश्चिम-दक्षिणेला बाहेरून उष्णतारोधक थर. खिडक्यांवर दोन फुटी छज्जा. गच्चीवर पांढरं चायना मोझॅक. आणि इको-निवासच्या मर्यादेचं गणित आर्किटेक्टच्या सहीने डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटला जोडलेलं. बिल्डर खर्चाचं कारण सांगेल. मग त्याच्याकडून तो खर्च चौरस फुटामागे लेखी घ्यावा आणि कॉर्पसमधून तेवढे रुपये कमी करून चालतील का, हे सभेत विचारावं. मला वाटतं, वरच्या मजल्यावर पंचवीस उन्हाळे काढलेले बरेच सभासद हो म्हणतील.

ताईच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे. पश्चिमेच्या भिंतीचा मुद्दा तिने सेक्रेटरींना लेखी दिलाय. विषयपत्रिकेवर तो अजून आलेला नाही.