पाचवं उत्तर

मी नक्की काय काम करते हे कराडच्या आत्याला अजून कळलेलं नाही, आणि त्यात तिचा काही दोष नाही. रिक्रिएशनल थेरपिस्ट म्हटलं की ‘म्हणजे पेशंटना खेळवतेस होय?’ हा प्रश्न ठरलेला. खेळवते ना. पत्ते पिसते, गाणी लावते, कुंड्यांत माती भरायला लावते, ऊन असलं की व्हीलचेअर ढकलत बाहेर नेते. आणि याचा पगार मिळतो हे ऐकलं की लोक एक तर हसतात, नाही तर चेहरा गंभीर करून म्हणतात, ‘किती पुण्याचं काम गं!’ त्यातले हसणारे परवडले. पुण्य म्हटलं की समोरचा पेशंट आपोआप बिचारा होतो, आणि मी कोणीतरी देवमाणूस. दोन्ही खोटं.

मी न्यू जर्सीत एका नर्सिंग होममध्ये आहे. तिथे फिजिओथेरपिस्ट पेशंटला उभं करते, चालवते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आंघोळ, सदऱ्याची बटणं, हातातला चमचा बघते. स्पीच थेरपिस्ट बोलणं आणि गिळणं. हे सगळं सुरू झाल्यावर त्या माणसाने दिवसभर करायचं काय, आणि मुळात बिछान्यातून उठायचंच कशाला, हा भाग माझ्याकडे येतो. ‘कशाला’ हे आमच्याकडे फार मोठं दुखणं आहे. एक्स-रेत दिसत नाही, एवढंच.

१९८७ साली अमेरिकेत नर्सिंग होमच्या सुधारणेचा कायदा झाला. त्याआधी तिथे म्हाताऱ्यांना खुर्चीला बांधून ठेवणं, औषधं देऊन गुंगीत ठेवणं सर्रास चाले. त्या कायद्याने बऱ्याच गोष्टी सक्तीच्या केल्या. त्यातलीच एक म्हणजे प्रत्येक रहिवाशाची ठरावीक नमुन्यात पाहणी. तो फॉर्म लांबलचक आहे, वजन, जखमा, औषधं, लघवी, सगळं त्यात येतं. आज त्याचा ‘एफ’ नावाचा एक विभाग आहे, आणि माझा खरा जीव त्या विभागात आहे. त्यात माणसाला त्याच्या तोंडावर विचारायचं असतं: तुम्हाला आवडेल ते संगीत ऐकणं तुमच्यासाठी किती महत्त्वाचं आहे? वाचायला पुस्तकं, पेपर? कुत्र्यामांजरांचा सहवास? बातम्या कळणं? चार माणसांत मिसळणं? हवा चांगली असताना बाहेर पडणं? देवाधर्माचं काही करणं?

उत्तरं ठरलेली असतात. खूप महत्त्वाचं, थोडंफार, फारसं नाही, अजिबात नाही. आणि मग पाचवं: महत्त्वाचं आहे, पण करता येत नाही किंवा माझ्या हातात नाही.

माझी नोकरी या पाचव्या उत्तरात आहे. पहिली चार ऐकून मी वेळापत्रक बनवते. पाचवं आलं की काम सुरू होतं.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून इकडचं तिकडे करून. साठीचे गृहस्थ, जन्म बस चालवण्यात गेलेला. मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक. डावा हात निकामी, पण त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे डावीकडचं जगच गायब. डोळे ठणठणीत, तरी मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. दाढी करतील ती उजव्या गालाची. ताटातला उजवीकडचा भात संपवतील आणि ओरडतील की इथे माणसाला उपाशी मारतात. डावीकडची चिकन तशीच. सकाळच्या थेरपीत कागदावरच्या रेघा शोधून खोडायला दिल्या की म्हणायचे, मी काय बालवाडीत आलोय? त्यांचंही बरोबर होतं. तीस-चाळीस वर्षं शहराच्या रहदारीतून बस काढलेल्या माणसाला पेन्सिल देऊन रेघा खोडायला सांगणं शास्त्राला धरून असेलही, पण त्याचा पापड मोडणारच.

मी ‘एफ’चे प्रश्न विचारले. संगीत, ठीक आहे. बातम्या, सगळे चोर आहेत. आवडीचं काही? ‘स्पेड्स.’ किती महत्त्वाचं? जरा थांबून उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, ‘तूच सांग, पत्ते धरू कसे?’ मी पाचव्या चौकोनात खूण केली.

स्पेड्स म्हणजे चौघांचा, भिडूंचा डाव. प्रत्येकाला तेरा पानं, इस्पिक कायमचा हुकूम, हात किती होणार ते आधीच बोलायचं. आपल्याकडे पावसाळ्यात ओट्यावर बसून पत्ते कुटलेल्या कुणालाही पाच मिनिटांत कळेल. पानं उभी राहतील असा खाचांचा लाकडी स्टँड आणला. पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई त्यांच्या भिडू. नाकात ऑक्सिजनची नळी, जीभ मात्र धारदार. पहिल्याच डावात चौकटची उतारी झाली आणि आमच्या बसवाल्यांनी हुकमाने मारलं. चौकटची दोन पानं स्टँडच्या डाव्या टोकाला उभी होती, त्यांना ती दिसलीच नव्हती. रंग असताना मारलं की त्या टेबलावर तीन हातांचा दंड. बाई कडाडल्या, ‘ती दोन काय शोभेला ठेवलीत?’

थेरपिस्टने हे बोलून चालत नाही. भिडूने बोललं तर चालतं, नव्हे, बोलायलाच हवं.

मग स्टँडच्या डाव्या टोकाला लाल चिकटपट्टी लावली. ही काही माझी अक्कल नाही, या व्याधीवरचा हा जुना, सर्वमान्य उपाय आहे. पान टाकण्याआधी नजर आधी लाल पट्टीपर्यंत न्यायची, मग तिथून उजवीकडे यायचं. सुरुवातीला प्रत्येक हाताला मला ‘लाल’ म्हणावं लागे. पुढे ते स्वतःच पुटपुटायला लागले. त्यानंतर पुटपुटणंही थांबलं, नुसती मान वळायची. मी दर वेळी नोंद करायची: किती वेळा आठवण द्यावी लागली, किती पानं सुटली, किती वेळ लक्ष टिकलं. मग एक दिवस जेवणाच्या वेळी नर्सने सांगितलं की यांनी आपलं ताट आपणच फिरवून घेतलं. हे सगळं श्रेय पत्त्यांचं नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट रोज सकाळी तीच गोष्ट त्यांच्याकडून घटवून घेत होती. पण सकाळी ते तिच्यासाठी मान वळवायचे आणि दुपारी डाव हरू नये म्हणून. त्या दुसऱ्या वळण्यात ताकद वेगळी होती, एवढंच माझं म्हणणं आहे.

(बिंगोबद्दल विचारू नका. बिंगो असतोच. काही जणांना तो मनापासून आवडतो, त्यांच्यासाठी मी आकडे पुकारते. पण सगळ्यांना एका हॉलमध्ये ढकलून बिंगो लावला आणि कागदावर ‘उपस्थिती चांगली’ लिहिलं, तर ते कोंडवाड्यातली जनावरं मोजण्यासारखं झालं. एका आजींनी मला प्रत्येक प्रश्नाला ‘अजिबात नाही’ सांगितलं, आणि शेवटी, आता खिडकीचा पडदा सरकव आणि जा. त्यांच्या योजनेत मी पडदा लिहिला. नको म्हणण्याचा हक्क माणसाने दारात चपलांसारखा काढून ठेवायचा नसतो.)

आता पैशाचं. याआधी मी एका रिहॅब हॉस्पिटलमध्ये होते. तिथे मेडिकेअरचा, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा, तीन तासांचा नियम असतो: पेशंटला साधारणपणे आठवड्यात पाच दिवस, रोज तीन तास थेरपी झेपायला हवी. त्या तीन तासांत फिजिओ धरतात, ऑक्युपेशनल धरतात, स्पीच धरतात, कृत्रिम अवयवांचं कामही धरतात. आमचं धरत नाहीत. दिलं तर वरचं, फुकटातलं. त्यामुळे खर्च कपातीची वेळ आली की पहिली कुऱ्हाड कुणावर येणार हे सांगायला ज्योतिषी नको. मला या नियमाचा राग येतो आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही. फायद्याचे पुरावे मागा, जरूर मागा, आम्ही त्यासाठीच तर नोंदी ठेवतो. पण ज्याची मोजदादच करायची नाही असं आधी ठरवायचं आणि मग याने फरक काय पडतो विचारायचं, ही कुठली रीत?

‘हे अमेरिकेतले चोचले, आपल्याकडे कुठलं?’ असं म्हणणाऱ्यांना दोन गोष्टी सांगते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले सांगली जिल्ह्यातले जवान मुरलीकांत पेटकर उपचारांच्या निमित्ताने पाण्यात उतरले, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात त्यांनी भारताला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. दुसरी गोष्ट खडकीची. मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचं पॅराप्लेजिक केंद्र तिथे १९७०च्या दशकापासून आहे. हात चालत नसलेले जवान तिथे तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. आपल्याकडे हे होतं, पण फौजेत, नाही तर एखाद्याच्या जिद्दीवर. घरातल्या पडून असलेल्या आजोबांना आपण विचारतो: जेवलात? गोळी घेतली? पोट साफ झालं? तिन्ही प्रश्न प्रेमाचे आहेत. पण जन्मभर भजनात मृदंग वाजवलेल्या माणसाला त्याबद्दल कुणी शब्दाने विचारत नाही, कारण विचारून त्यांना उगाच वाईट वाटेल. त्यांना आधीच वाटतंय हो. फक्त पाचवं उत्तर द्यायला त्यांना कुणी प्रश्नच विचारलेला नाही.

हे लिहिण्याचं निमित्त भाची. ती पुण्यात सायकॉलॉजी करतेय आणि काल विचारत होती, मावशी, मी या लाइनला येऊ का? तर बाळा, हिशेब असा. इथे या विषयाची पदवी लागते, नाही तर तुझ्या विषयाला जोड देऊन ठरावीक पेपर करावे लागतात. किमान ५६० तासांची इंटर्नशिप आणि मग राष्ट्रीय परीक्षा. मोजक्याच राज्यांत लायसन्स लागतं, युटामध्ये ते सर्वांत आधी, १९७५ साली आलं. पगार फिजिओपेक्षा कमी, आणि नात्यात लग्नाला गेलीस की दर वेळी समजावून सांगावं लागेल. भारतातच राहायचं असेल तर या नावाची नोकरी शोधत बसू नकोस, ऑक्युपेशनल थेरपीकडे बघ. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली त्याचं देशातलं पहिलं विद्यालय काढलं ते कमला निंबकरांनी, जन्माने अमेरिकन असलेल्या बाईंनी. तो रस्ता पक्का आहे, आणि आमचं बरंचसं काम त्यातून करता येतं.

यायचंच ठरवलंस तर स्पॅनिश शीक. आमच्याकडे निम्म्या खोल्यांत तीच भाषा लागते. आणि पत्ते नीट पिसायला शीक, तुझ्या आईसारखे नकोत.