पहिला ठोका फुकट

खट. खट. खट.

नरकचतुर्दशीच्या सकाळी, गल्लीतल्या मातीच्या किल्ल्यासमोर, सगळ्या पोराटोरांच्या देखत माझ्या हातातलं पिस्तूल एवढंच बोललं. भाच्यानं ते मोठ्या विश्वासानं ‘मामा, तू वाजव’ म्हणून दिलं होतं. रिंगेत टिकल्या आठ, वाजल्या दोन.

नेमके तेव्हाच शेजारचे निवृत्त सुभेदार दुधाची पिशवी घेऊन चालले होते. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळं इथं गल्लीगणिक एखादा सुभेदार असतोच, आणि कुठं ‘खट’ झालं की त्याचे पाय थांबतातच.

“मिसफायर! नळी किल्ल्याकडं धर! तीस मोज!”

“सुभेदारमामा, टिकल्यांचं पिस्तूल हाय हे.”

“तीस! बार कधीकधी उशिरा उडतोय. लगेच नळीत डोकावणारे लई बघितलेत मी.”

मोजले. रायगडावरच्या मावळ्यांवर प्लास्टिकची नळी रोखून, मोठ्यानं. बाविसाव्या आकड्याला पोरांना हसू फुटलं. तरी तिसापर्यंत गेलो. मधेच सोडलं असतं तर त्यांनी पुन्हा एकपासून मोजायला लावलं असतं.

मग त्यांनी पिशवी माझ्याकडं दिली, चष्मा लावला आणि रिंग काढून उजेडात धरली. “हे पोचे बघ. हा काठाला पडलाय, म्हणजे घोडा वाकडा बसालाय. हा मधोमध हाय, पण उथळ. स्प्रिंगेत दम न्हाई. आणि हे काय, तेल घातलास?”

घातलं होतं. शिलाई मशीनचं. घोडा अडकत होता म्हणून.

“टिकलीला तेल! काडतुसाच्या टोपीला असलं काय केला असतास तर…” पुढचं वाक्य पोरांसमोर बोलण्यासारखं नसावं. ते गिळून त्यांनी काडतुसाकडं मोर्चा वळवला. टोपी, म्हणजे ठोका बसताच बार पेटवणारी काडतुसाच्या बुडाची वाटी, खोबणीत तळापर्यंत बसली नसेल तर पहिला ठोका तिला आत ढकलण्यातच खर्च होतो आणि बार दुसऱ्या ठोक्याला होतो. दुधाची पिशवी माझ्या हातात गळू लागली होती.

राग याचा आला की म्हातारा अक्षर न् अक्षर बरोबर होता. रिंगेचंही तेच. ती बोटानं दाबून ऐरणीवर, म्हणजे घोडा आपटतो त्या बैठकीवर, पुरती टेकवली नाही तर पहिला ठोका वाया. शिवाय टिकलीतला मसाला म्हणजे लाल फॉस्फरस आणि पोटॅशियम क्लोरेट. दमट हवेत फॉस्फरस हळूहळू आम्ल धरतो, ते पाणी ओढतं. कागदी रोलवर चिकट डाग दिसला की तो माल गेला. उन्हात ठेवून ओल सुकते, मेलेला मसाला उठत नाही. तव्यावर शेकायचा विचार तर मनातही आणू नये. राहता राहिली ऐरणीवरची काजळी: रिंग काढायची, कोरड्या टूथब्रशनं घासायचं. बस. तेल घोड्याच्या खिळ्याला टाचणीच्या टोकानं एक थेंब, त्यापुढं नाही.

पण हे सगळं मी का शिकायचं? दुकानदाराला पिस्तूल दाखवलं तर म्हणतो, “मालात खोट न्हाई, तुमच्या हातात जोर न्हाई.” आणि वर बोट दाखवतो: विकलेला माल परत नाही. दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड हवं असा कायदा आहे, पाटी मोजायला माणसं येतात. डबीतल्या 60 टक्के टिकल्या वाजल्या पाहिजेत असा कायदा कुठल्याच बाजूच्या सरकारला सुचलेला नाही. आठात दोन म्हणजे 25 टक्के. एवढ्यावर पोरगं नापास होतं, आणि आपण रोख पैसे मोजून घरी येतो.

सुभेदारांनी धोतराच्या सोग्यानं ऐरण पुसली, नवी रिंग अंगठ्यानं दाबली, चाप ओढला. ठो! किल्ल्यावरचा मावळा पडला. ते काहीएक न बोलता पिस्तूल माझ्या हातात ठेवून, आपलं दूध घेऊन गेले.

मी ओढला. खट.

“मामा,” भाचा म्हणाला, “तीस मोज.”