दहा मिनिटांत सीएसआर निधी मिळत नाही

‘एआयला दहा मिनिटं द्या, सीएसआर निधी पक्का. संस्था नवी असली तरी चालेल, आकडे नसतील तर एआय भरून देईल, लाभार्थ्यांची यादी टाका की अहवालही तयार.’ सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांसाठी द्यायचा निधी; त्यासाठीचा प्रस्ताव एआयकडून लिहून घ्या, असं सांगणारा हा मेसेज परवा बचत गट चालवणाऱ्या आमच्या ताईंनीही विश्वासाने पुढे पाठवला. आता गप्प बसणं बरोबर नाही.

नवी संस्था चालत नाही. सीएसआर नियमांतला, जानेवारी 2021 मध्ये सुधारलेला नियम 4 वाचा. कंपनीशी संबंध नसलेल्या संस्थेकडे सहसा प्राप्तिकर कायद्याखालची 12ए (संस्थेला करमाफी) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी हवी, शिवाय तशाच कामाचा किमान 3 वर्षांचा अनुभव. 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 फॉर्म भरून नोंदणी क्रमांकही घ्यावा लागतो. हे एआय कुठून आणणार?

सगळ्यात घातक आहे ते ‘आकडे भरून देईल’. एआय गावाचं नाव घेऊन शाळागळतीचा आकडा बेधडक लिहून देतं; तो जुन्या आकडेवारीवरचा अंदाज असू शकतो, नाहीतर निव्वळ कल्पना. समजा, प्रस्तावात ‘गळती 40 टक्क्यांवरून 20 वर आणू’ असं लिहिलं आणि सर्वेक्षणात ती मुळात 12 टक्केच निघाली. मग 40 वरून 20 पर्यंतची घट दाखवणार कशी? प्रस्ताव करारनाम्याला जोडला जातो, म्हणजे तो आकडा संस्थेच्या गळ्यात. पैसे मंजूर कामासाठी आणि ठरल्या पद्धतीनेच खर्च झाले याची खात्री कंपनीच्या संचालक मंडळाला करावी लागते, वित्त प्रमुखाला तसं प्रमाणित करावं लागतं; हेही नियम 4 मध्येच आहे. पहिल्या हप्त्याचा हिशेब जुळला नाही की दुसरा अडकतो आणि शिक्षिकांचं मानधन थांबतं. आकडे हवेत तर अंगणवाडीचं सर्वेक्षण रजिस्टर आणि शाळेचा हजेरीपट मागा. दोन दिवसांचं काम आहे.

अंदाजपत्रकातही एआय अडकवतं. ‘प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांच्या आत ठेवा’ असं सांगतं आणि संस्था समन्वयकाचा पगारच कापून टाकते. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांचा थेट खर्च प्रशासकीय खर्चाच्या व्याख्येतूनच वगळलाय.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. उत्तम काम करूनही केवळ इंग्रजी येत नाही म्हणून मागे पडणाऱ्या संस्थांना एआयचा खरंच उपयोग होतो. कार्यकर्तीने मराठीत सांगितलेलं इंग्रजीत आणणं, 2 पानांचं 300 शब्दांत बसवणं, हे ते चांगलं करतं. फक्त प्रत्येक आकडा मूळ नोंदीशी ताडून पाहा.

आणि यादी? आधार, मोबाइल, बँक खातं असलेली लाभार्थ्यांची यादी फुकटच्या चॅटबॉटमध्ये कधीच टाकू नका. बायांनी ती माहिती संस्थेवर विश्वास ठेवून दिलेली असते. नावं आणि क्रमांक काढा, गावनिहाय संख्या तेवढी ठेवा. अहवालाला तेवढी पुरते.